शाईने भरलेली जागा

स्क्रूला आटे किती दाखवायचे, यावरून साहेबांशी भांडणारी त्या ऑफिसातली एकमेव व्यक्ती म्हणजे धाकटी. मिक्सर, पंखा, इस्त्री, पाण्याचा पंप अशा वस्तूंच्या खोक्यात घडी घातलेलं एक माहितीपत्रक असतं. वस्तू नवी असताना त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही आणि बिघडली की तेच घरभर शोधत बसतात. त्या पत्रकांतली चित्रं ती काढायची. बावीस वर्षं हेच काम. खऱ्या स्क्रूला सात आटे असले तर तिच्या चित्रातही सातच. सहांनी भागतं, असं कुणी म्हटलं की ती त्याच्याकडे अशी बघायची की तो माणूस आपला चष्मा पुसायला लागायचा.

आधी हे सगळं टाक आणि शाईने चालायचं. मग कॉम्प्युटर आले, माऊस आला, आणि तिचा उजवा हात, तिच्याच शब्दांत सांगायचं तर, बसून पगार खाऊ लागला. रेघ चुकली की बटण दाबून पुसायची. चुकण्यात काही जातच नसेल तर बरोबर येण्यात तरी काय मजा, असं तिचं म्हणणं होतं. ऐकून घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून ते तिने मनातच ठेवलं होतं.

घरी ऐकून घ्यायला थोरली होती, पण त्या दोघींचा छत्तीसचा आकडा. धाकटी सेहेचाळीस वर्षांची झाली तरी धाकटीच राहिली, ती या थोरलीमुळे. थोरली आठ वर्षांनी मोठी. शाळेत भूगोल शिकवून वेळेआधीच निवृत्त झाली, पाठोपाठ नवरा गेला, आणि अडीच वर्षांपूर्वी दोन बॅगा आणि हातांची एक लाकडी खुर्ची घेऊन ती या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात राहायला आली. घर दोघींचंच, आईवडिलांचं. एकामागे एक तीन खोल्या: बाहेरची, मधली आणि मागची. मागची चांगली सोळा फूट लांब, निमुळती, आणि तिची खिडकी कधीकाळी रंगाने चिकटून बसलेली. धाकटी त्या खोलीत कधी झोपली नव्हती. का, असं कुणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, उजेड कमी आहे. त्या खोलीच्या दाराला कडी नव्हती. लोटलं तर ते आपोआप वीतभर उघडायचं.

तीच खोली थोरलीला मिळाली. पण ती त्या खोलीत बसायची नाही. तिने आपली खुर्ची दाराच्या चौकटीत आणून ठेवली, पाठ खोलीकडे आणि तोंड मधल्या खोलीतल्या टेबलाकडे. पाठीवर जाडजूड शाल. सकाळ, दुपार, संध्याकाळ, बाई तिथेच. टेबलाशी धाकटी स्टुलावर बसायची, खिडकी डावीकडे यावी म्हणून दाराकडे पाठ करून. म्हणजे दिवसभर थोरलीचे डोळे हिच्या मानेवर. मागच्या खोलीतून काही आणायचं झालं तर थोरलीला उठवायचं, ती सावकाश गुडघे धरून उठणार, हिची ये-जा होईपर्यंत दाराला टेकून उभी राहणार आणि परत बसणार. दारातला धोंडा, असं धाकटी तिला तोंडावर म्हणायची. थोरली त्यावर चहाचा कप दोन्ही हातांनी उचलायची. तिचे हात थरथरायचे. धाकटीला वाटायचं, निम्मं नाटक आहे.

एकदा थोरली आपणहून म्हणाली होती, "इथं बसलं की पाठीला गार लागतं."

"मग उठ की. कुणी बांधून ठेवलंय?"

"मी उठले तर तुला लागेल."

याला टोमणा समजून धाकटी दोन दिवस तिच्याशी बोलली नव्हती.

तर अशा दिवसांत, बसस्टॉपजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात तिला ती पाटी दिसली. महिनाभर, रोज एक शब्द आणि रोज एक शाईचं चित्र. दुकानदार पन्नाशी उलटलेला, अंगठ्याचं नख कायमचं निळं झालेला गृहस्थ. त्याने नियम सांगितले. एकतीस शब्दांची यादी भिंतीवर लावलेली आहे. टाक किंवा कुंचला, आणि फक्त काळी शाई. खाली पेन्सिल नाही, वर पांढरा रंग नाही, जे चुकलं ते तसंच राहील. कागद दुकानाचा, तळहाताएवढा. सकाळी दहाच्या आत दाराजवळच्या पेटीत टाकायचा, मागे नाव नाही, नुसता नंबर. दुकानातल्या लांब भिंतीवर प्रत्येक नंबराचा एक दोरा आणि त्याला चिमट्यांनी रोजचं चित्र. कुणाचा नंबर कोणता, हे शेवटच्या दिवशी सांगणार.

जे चुकलं ते तसंच राहील, या वाक्याने तिला जिंकलं. बस समोरून येत होती, तेवढ्यात तिने फॉर्म भरला. नाव, पत्ता, फोन. घरातून किती जण, या रकान्यात दोन. असले फॉर्म तिने आयुष्यात शेकड्यांनी भरले होते, आणि अडीच वर्षं या रकान्यात ती दोनच लिहीत आली होती. नंबर मिळाला सोळा. लिफाफ्यात कागदांचे दोन गठ्ठे निघाले. दुसरा बहुधा खराब झाले तर म्हणून असेल, असं समजून तिने तो मागच्या खोलीतल्या फळीवर ठेवला, थोरलीला उठवून.

पहिला शब्द होता किल्ली. रविवार होता. धाकटीने दाराची किल्ली टेबलावर ठेवली आणि सकाळी सात ते नऊ ती काढली. पहिली रेघ ओढताना हात घाबरला, दुसरीला नाही. कागदावर निबची ती खरखर कित्येक वर्षांनी ऐकू आली आणि तिचा ऊर भरून आला. मागे दारात थोरली बसली होती, तिच्याकडे तिने त्या दिवशी रागाने बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना तिने दोरे पाहिले. कुणीतरी मोठ्या हौसेने किल्लीला पंख काढले होते. आणखी कुणी गुच्छ काढला होता. आणि सतरा नंबर. सतरा नंबरने दाराच्या चौकटीतून दिसणारी एक खोली काढली होती, खोलीत टेबल, टेबलाच्या कडेला किल्ली. रेघ अशी की धाकटी जागीच थांबली. एवढी न हलणारी रेघ तिने स्वतःच्या हाताखेरीज कुठे पाहिली नव्हती. फक्त चित्राच्या मधोमध, टेबलाच्या अलीकडे, नखाएवढी जागा शाईने गच्च भरलेली होती. एवढा चांगला हात आणि असला आळस, असं मनात म्हणून तिने बस पकडली.

सहाव्या दिवशी तिला ते टेबल ओळखू आलं. शब्द होता बरणी. सतरा नंबरच्या टेबलाचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली घडी घातलेलं पत्रक होतं. पत्रकावर पंपाचं चित्र. तो पंप धाकटीने काढला होता आणि ते पत्रक तिने स्वतः त्या पायाखाली सरकवलं होतं.

तिने आरडाओरडा केला नाही. तो तिचा स्वभावच नव्हता. ती आधी मोजमाप घेणारी बाई. तिने मोबाइलवर सतरा नंबरच्या सगळ्या चित्रांचे फोटो काढले, ऑफिसात ते मोठे करून छापले आणि जेवणाच्या सुट्टीत पट्टी घेऊन बसली. घरची फरशी एक फूट बाय एक फूट, त्यामुळे काम सोपं होतं. फरशांच्या कडा लांबवर नेल्या की जिथे मिळतात तिथे चित्र काढणाऱ्याच्या डोळ्यांची उंची कळते, आणि फरशा किती आखडतात त्यावरून तो किती मागे आहे ते कळतं. यात अंदाज नसतो. उत्तर एकच येतं.

उत्तर आलं, जमिनीपासून दोन फूट. पहिल्या दिवशी मागच्या खोलीच्या दारापासून साडेपंधरा फूट आत. म्हणजे मागच्या भिंतीला लागून. तिथे थोरलीचा पलंग होता. पलंगावर उशीला टेकून पडलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून बरोबर तेवढ्याच उंचीवर येतात.

धाकटीने पट्टी खाली ठेवली. तिला राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. कोडं सुटलं होतं. आपण ऑफिसला गेलो की ही पलंगावर पडून चित्रं काढते. आजवर कधी एक सरळ रेघ ओढली नाही, आणि आता माझ्याशी स्पर्धा. आणि ती काळी जागा. तिचा अर्थही आता उघड होता. त्या जागी धाकटीचं स्टूल असतं. पत्रकांच्या धंद्यात काळं भरलेलं म्हणजे रिकामं. नळीचं तोंड, किल्लीचं भोक, मधली पोकळी, हे सगळं काळं भरतात, कारण तिथे काही नसतं. सतरा नंबर रोज तिच्या बसण्याच्या जागी लिहीत होता की इथे काही नाही.

हे तिच्या जिव्हारी लागलं. आई-बाबांना शेवटपर्यंत सांभाळलं मी, घर राखलं मी, आणि ही आल्या दिवसापासून मला त्यातून पुसायला निघाली आहे. तिने थोरलीशी बोलणं सोडलं. जेवताना ताट आदळायचं, दिवा तिच्या डोळ्यांवर येईल असा फिरवायचा, तिची शाल धुवायला म्हणून भिजवून ठेवायची आणि दोन दिवस वाळत घालायची नाही. थोरलीने दुसरी शाल काढली आणि ती दारात बसून राहिली.

चित्रं रोज येत राहिली. बिजागरी, चष्मा, दोरा, किटली. धाकटी मोजत राहिली. बाराव्या दिवशी डोळे दारापासून पावणेआठ फुटांवर होते. रोज साडेआठ इंच, जवळजवळ वीतभर, पुढे. काळी जागा रोज वाढत होती. पलंग तर सातच फुटांचा, मग ही आता फरशीवर लोळून काढते की काय? चिडलेला माणूस काय वाटेल ते करतो, असं तिने स्वतःला सांगितलं. पंधराव्या दिवशी काळ्याने अर्ध्याहून जास्त टेबल गिळलं. विसाव्या दिवशी टेबल असं उरलंच नव्हतं, कडेला नुसता एक पाय आणि त्याखालचं पत्रक.

याच सुमारास थोरली जेवायचीही दारातच. ताट मांडीवर घेऊन. एकदा तिने हाक मारली, "जरा माझ्या पाठीवर हात ठेवतेस?" धाकटी टेबलाशी शाई ढवळत होती. ती म्हणाली, माझे हात काळे आहेत.

बाविसावा दिवस पुन्हा रविवार. शब्द होता पिशवी. पेटीत कागद टाकून ती आत गेली आणि दुकानदाराला तिने सरळच विचारलं, सतरा नंबर कोण.

तो आधी नियमावर बोट ठेवून टाळाटाळ करत होता. मग तिच्याकडे बघून त्याला हसू आलं. "मॅडम, तुम्ही मला विचारता? तुमच्याच घरचा नंबर आहे." त्याने वहीतून तिचाच फॉर्म काढून दाखवला. घरातून भाग घेणारे किती जण, तर दोन. तिचंच अक्षर. "म्हणून तर दोन गठ्ठे दिले. आणि रोज तुमचे दोन्ही कागद एकमेकांना चिकटूनच पेटीत पडतात. एकाच पिशवीतून येतात, म्हटल्यावर चिकटायचेच."

म्हणजे ही रोज रात्री माझ्या पिशवीत आपला कागद सरकवते, आणि हमाली मी करते. धाकटी घरी आली. थोरलीला काही न बोलता बाजूला सारून ती मागच्या खोलीत गेली. फळीवरचा गठ्ठा सुटलेला होता. तिने मोजला. एकतीस होते ते नऊ उरले होते.

"बॅग भर," ती म्हणाली.

थोरलीला काय झालं ते कळायला वेळ लागला. धाकटीने गठ्ठा तिच्यासमोर धरला, चित्रांचे छापील फोटो टेबलावर पसरले, उंची, अंतर, रोजचे साडेआठ इंच, सगळं एका दमात सांगितलं. थोरलीने थरथरता हात पुढे केला, एक फोटो उचलला, तो तिच्या हातात कागदाच्या पंख्यासारखा हलत राहिला. या हाताने ही रेघ, असं ती म्हणाली.  धाकटीने ऐकून घेतलं नाही. ज्या बाईने बावीस वर्षं रेघा पारखल्या तिने त्या वेळी तो हात बघितलासुद्धा नाही.

थोरली फोटोंकडे बराच वेळ बघत होती. एक, मग दुसरा, मग शेवटचा. तिचा चेहरा उतरला.

"मी इथून उठू?" तिने विचारलं. "नक्की?"

"नक्की."

दोन वाजता ती निघाली. चार तासांच्या अंतरावर तिच्या शाळेतली एक मैत्रीण राहायची, तिच्याकडे. दारात धाकटीने हात पुढे करून घराची किल्ली मागितली. थोरलीला ती पर्समधून काढायला फार वेळ लागला. मग धाकटीने खुर्ची उचलून बाहेरच्या खोलीत चपलांच्या कपाटाशेजारी, भिंतीकडे तोंड करून ठेवली. मागच्या खोलीचं दार लोटलं. ते वीतभर उघडलं. तिने लक्ष दिलं नाही. संध्याकाळी ती पहिल्यांदा पाय पसरून मधल्या खोलीत बसली आणि घर किती मोठं आहे असं तिला वाटलं. थोडं गारही वाटत होतं. तिने स्वेटर घातला.

तेविसाव्या दिवसाचा शब्द होता पिन. तिने सकाळी टेबलाशी बसून एक साधी सेफ्टी पिन काढली, उघडी, टोक वर. मान जरा अवघडत होती. निघताना तिने पिशवी उलटी करून झटकली. कागद पिशवीत टाकलाच नाही, दोन बोटांत धरून जिना उतरली, तसाच धरून दुकानापर्यंत गेली.

पेटीशी येऊन तिने कागद उलटा केला, नंबर लिहिला आहे ना ते बघायला.

मागे दुसरा कागद चिकटलेला होता. शाई ओली होती, म्हणून चिकटला होता.

तिने तो सावकाश सोडवला. या चित्रात काळं भरलेलं काहीच नव्हतं. टेबल होतं, डावीकडे खिडकी होती, आणि स्टुलावर एक बाई पाठमोरी बसली होती. स्वेटरचा एकेक टाका काढलेला. अंबाड्यातली पिन, तिच्या दोन तारा, एक किंचित वाकलेली. मानेवर, केस सुरू होतात तिथे, एक तीळ. असा तीळ आपल्याला आहे हे धाकटीला माहीत नव्हतं. तिने हात मागे नेला. बोटाला तो लागला.

चौकट चित्रात कुठेच नव्हती. पट्टीची गरज नव्हती. स्टुलाच्या अलीकडे फरशा दिसत होत्या, त्या तिने मोजल्या. पाच.

ती दुकानात शिरली आणि सतरा नंबरच्या दोऱ्यासमोर उभी राहिली. बाविसावं चित्र जवळजवळ सगळं काळं. एकविसावं, विसावं. ती उलट चालत गेली, आणि काळं लहान होत गेलं. अठराव्यात त्याला खांदे आले. चौदाव्यात दोन्ही बाजूंना खुर्चीचे हात. नवव्यात वर शालीचा गोल घेर, त्यावर लहानसं डोकं, पुढे झुकलेलं. पहिल्यात नखाएवढी एक बाई दारात बसली होती, उजेडाच्या विरुद्ध, पाठ करून. ती जागा रिकामी नव्हती. बावीस दिवस थोरली मध्ये बसलेली होती.

तिने दुकानाच्या पायरीवरूनच फोन लावला. पाचव्या घंटेला थोरलीने उचलला. धाकटीने जे दिसलं ते सांगितलं. तिचा आवाज तिलाच ओळखू येत नव्हता.

"तुला माहीत होतं?"

"काय माहीत असणार? पाठीला गार लागायचं, एवढंच. रोज थोडं जास्त."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू ऐकलं असतंस?"

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी थोरलीला चहा विचारत होतं. धाकटीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "ताई, चुकलं माझं," ती म्हणाली. "तू ये. मी कशीही वागले असेन, तू ये."

थोरलीने पलीकडे चहा नको म्हणून सांगितलं. मग तिने विचारलं, "खुर्ची कुठे आहे?"

"बाहेरच्या खोलीत."

"दारात नेऊन ठेव आणि बस. माझ्यासारखी. मी पोचेपर्यंत उठू नकोस."

"मी घरी जातच नाही. ऑफिसात बसते."

"कागद तुझ्या हातात आला ना दुकानापर्यंत? बाहेर ते कुठे असेल कळणार नाही. घरात निदान कुठल्या बाजूला आहे ते माहीत आहे." मग ती म्हणाली, "निघाले मी."

साडेदहाला धाकटी घरी होती. ती भिंतीला पाठ लावून मधल्या खोलीत आली. खोली होती तशीच होती. उन्हाचा पट्टा टेबलावर होता, शाईची बाटली झाकण लावून ठेवलेली, शेजारी तिचा टाक, धुऊन पुसलेला. मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. ती दाराला तोंड करून, खुर्ची पुढ्यात धरून, पाऊल पाऊल पुढे सरकली. फरशीवर खुर्चीच्या चार पायांच्या खुणा पडल्या होत्या. तिने पाय बरोबर त्या खुणांवर ठेवले, वळली आणि बसली. एका हातात घराच्या दोन्ही किल्ल्या होत्या, आपली आणि थोरलीची. त्या खाली ठेवायचं तिला सुचलं नाही.

इथून टेबल दिसत होतं आणि त्याच्यापुढे रिकामं स्टूल. अडीच वर्षं थोरलीने हेच बघितलं होतं. एका बाईची पाठ, जी कधी मागे वळून चांगलं बोलली नाही.

आधी काही झालं नाही. मग दोन्ही खांद्यांच्या मधोमध, रुपयाएवढ्या जागेत, गार लागलं.

अकरा वाजले. बारा वाजले. रस्त्यावरून नेहमीचे आवाज येत होते. वरच्या मजल्यावर कुणीतरी पलंग सरकवला. गार जागा आता तळहाताएवढी झाली होती. तिला थोरलीचे शब्द आठवले, जरा पाठीवर हात ठेवतेस का.

एकच्या सुमारास मागे आवाज सुरू झाला.

तो आवाज ओळखायला तिला क्षणही लागला नाही. जाडसर कागदावर निब. एक लांब रेघ, मग दोन आखूड. मग बारीक बारीक, एकाशेजारी एक, सावली भरताना काढतात तशा. मग थांबणं, निब दौतीत बुडवून काठावर पुसायला लागतं तेवढं. आणि परत लांब रेघ. समोर टेबलावर तिची बाटली झाकण लावून उभी होती.

ती हलली नाही. रेघ कशाची असेल ते ती आवाजावरून सांगू शकत होती. हा खांदा. ही खुर्चीची कड. हे अंबाड्यातले केस, एकेक.

रेघा आखूड होत चालल्या होत्या. जवळचं काढताना होतात तशा.

दोन वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली.

"मी आहे गं," बाहेरून थोरलीचा आवाज आला. दम लागलेला, तीन मजले चढून आलेला. "उघड."

धाकटीने समोर बघितलं. मधल्या खोलीच्या दहा फरशा, बाहेरच्या खोलीच्या बारा. पलीकडे दार, आतून लागलेलं.

"ताई," तिने हाक मारली. ती दारापर्यंत पोचण्याइतकी मोठी झाली नाही.

बेल पुन्हा वाजली. "उघड ना. माझ्याकडे किल्ली नाही."

दोन्ही किल्ल्या तिच्या मुठीत ओल्या झाल्या होत्या.

मागचा आवाज थांबला होता. निब दौतीत बुडवायला लागतो, त्याहून जास्त वेळ होऊन गेला होता.